कोर्स न घेता शरीरसौष्ठव स्पर्धेच्या स्टेजवर उतरू का? (वय 41, इचलकरंजी)

यंत्रमागवाला

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. जरा मोठं होईल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझी अडचण कळायची नाही.

मी इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर आहे, म्हणजे माग दुरुस्त करून चालू ठेवणारा. उंची पाच फूट पाच. बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. 2021 च्या पावसाळ्यात माझं वजन 92 किलो होतं. एका रात्री आम्ही दोघांनी सुताचा बीम उचलून मागावर चढवला आणि मी तिथेच खाली बसलो. डोळ्यांपुढे अंधारी, दरदरून घाम. जोडीचा कामगार माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा, तो मला पाणी द्यायला धावला. दुसऱ्या दिवशी रक्त तपासलं तर एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, 8.1.

आमच्या वडिलांची साखर अशीच वाढली होती. आधी अंगठा काढला, मग पाऊल. शेवटची तीन वर्षं मी त्यांना उचलून मोरीत न्यायचो. ते इतके वाळले होते, तरी मला धाप लागायची. रिपोर्ट घेऊन घरी येताना डोक्यात एकच होतं, उद्या मला कोण उचलणार? पोरगा तेव्हा तिसरीत होता.

आमच्या भागातल्या जुन्या तालमीच्या वरच्या मजल्यावर जिम आहे. खाली हौदा अजून आहे, लाल मातीचा वास जिन्यापर्यंत येतो. रात्रपाळी सुटली की सकाळी आठला मी तिथे जायचो. पहिला महिना नुसता मोकळा रॉड खांद्यावर घेऊन बैठका मारल्या, वीस किलोचा. आज 110 घेऊन पाच बैठका मारतो. वहीत रोजचा आकडा लिहितो, आता चौथी वही चालू आहे. तंबाखू सुटली. कंबर 41 इंचांवरून 32 वर आली, वजन 72 किलो. साखर 5.7 वर आल्यावर डॉक्टरांनीच गोळी आधी अर्धी केली, मग बंद केली.

आणि एक गोष्ट कुणाला सांगितली नाही ती इथे सांगतो. मागच्या वर्षी एकदा शर्ट काढताना आरशात खांद्यावरची रेघ दिसली, दंड आणि खांदा वेगवेगळे दिसणारी. मी किती वेळ बघत राहिलो. चाळीस वर्षं हे शरीर माझंच होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्या हातचं वाटलं. आपण विणलेलं कापड गाठीत बांधून कुठे जातं ते आपल्याला कळत नाही. हे मात्र माझ्यापाशीच राहणार आहे.

आता प्रश्न. जानेवारीत जवळच्या गावात स्पर्धा आहे आणि मला एकदा तरी स्टेजवर उभं राहायचं आहे. मला शिकवणारा पोरगा म्हणतो, "दहा आठवड्यांचा कोर्स घ्या, नाहीतर त्या लाइटखाली तुम्ही सपाट दिसाल." कोर्स म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या स्टेरॉइडची इंजेक्शनं. जिममधली काही पोरं तर व्यायामाआधीही एक टोचून घेतात. बायकोचा विरोध नाही, पण एवढ्या लोकांसमोर चड्डीवर उभं राहणं तिला कसंतरीच वाटतं. काही न टोचता उतरलो तर हसू होईल का? अनुभवी लोकांनी खरं सांगावं.

गिरणगावकर

मी तुझ्यापेक्षा अठरा वर्षांनी मोठा आहे, तुझ्या त्या जोडीदाराएवढा. म्हणून तू म्हणतो, राग मानू नकोस.

मी परळचा. वडील गिरणीत. 1982 चा संप झाला तेव्हा मी सोळा वर्षांचा होतो आणि घरात बसून बापाचा चेहरा बघवत नव्हता, म्हणून मंडळाच्या व्यायामशाळेत पडून असायचो. जोर, बैठका, नंतर वजनं. 1988 मध्ये प्रेमचंद डेगरा मिस्टर युनिव्हर्स झाले. त्या बातमीने आम्हाला वेड लागलं. त्याच वर्षी मी पहिल्यांदा स्टेजवर चढलो, आणि पुढची पाच वर्षं नुसत्या खाण्यावर आणि मेहनतीवर उतरलो. कधी पाचवा, कधी सहावा, एकदा तिसरा.

तिसऱ्याचा पहिला व्हायचं म्हणून 1993 आणि 94 असे दोन हंगाम मी इंजेक्शनं घेतली. फरक पडतो, खोटं सांगत नाही. आठ आठवड्यांत शर्ट उसवले. त्यानंतरचं ऐक. बाहेरून टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) आलं की मेंदूकडून वृषणांना जाणारा हुकूम थांबतो आणि शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं. औषध सोडल्यावर ते लगेच सुरू होईलच असं नाही. माझं लग्न 95 चं. चार वर्षं मूल नाही. सगळ्या तपासण्या बायकोच्या झाल्या, बोलणी तिने खाल्ली, आणि कारण मला ठाऊक असून मी गप्प बसलो. शेवटी डॉक्टरांना एकट्याला भेटून सांगितलं. मुलगी झाली 2000 साली. बायकोला खरं सांगायला मला आणखी सहा वर्षं लागली. एवढ्या वर्षांत मिळालेल्या ढाली मी माळ्यावर टाकल्या आहेत, पण ती चार वर्षं कुठे टाकू?

तुला तर साखरेचा इतिहास आहे. ही औषधं चांगलं कोलेस्टेरॉल खाली आणतात, रक्त दाट करतात, हृदयाचे स्नायू जाड करतात. आणि पोरं व्यायामाआधी टोचतात ते बहुतेक मेफेंटरमाइन असणार. ऑपरेशनमध्ये भूल दिल्यावर रक्तदाब पडला तर तो चढवायला डॉक्टर ते वापरतात. धडधाकट माणसाने ते टोचून खांद्यावर वजन घेणं म्हणजे हृदयाशी उघड वैर. त्या पोरांना कुणीतरी मोठ्याने हाताला धरून हे सांगायला हवं. जमलं तर तू सांग.

आता सपाट दिसण्याचं. स्टेजवर सपाट दिसतात ते बरेचदा पोझिंग न येणारे. सात पोझ सक्तीच्या असतात: समोरून दोन्ही दंड, समोरून पाठीचा पसारा, बाजूने छाती, मागून दोन्ही दंड, मागून पसारा, बाजूने दंडाचा मागचा स्नायू, आणि पोट-मांड्या. प्रत्येक पोझमध्ये पायापासून मानेपर्यंत सगळं आवळून धरायचं, आणि चेहऱ्यावर ताण दिसू द्यायचा नाही. पंच तुलनेला बोलावतात तेव्हा एकेक पोझ कधी वीस-वीस सेकंदही धरावी लागते. पहिल्या वर्षी माझे पाय लटलट कापले होते. आजपासून रोज अर्धा तास फक्त हेच कर.

मनोहर आइच माहीत आहेत ना? उंची चार फूट अकरा इंच. इंग्रजांच्या तुरुंगात कुठलंही साधन नसताना त्यांनी व्यायाम केला, 1952 मध्ये मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले, आणि 2016 मध्ये गेले तेव्हा वयाची शंभरी ओलांडलेली होती. मला विशीत कुणी त्यांचं नाव सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

चाळिशीपुढच्यांसाठी मास्टर्स गट असतो का ते आयोजकांना विचार. वहिनींचं म्हणणंही खरं आहे. मेन्स फिजिक नावाचा प्रकार असतो, त्यात गुडघ्यापर्यंतची सैल चड्डी घालतात आणि मांड्यांना गुण नसतात. पण तू 110 घेऊन बैठका मारतोस. त्या मांड्या झाकू नयेत असं मला मनापासून वाटतं.

ताकभात

मी मिरजेत आहारतज्ज्ञ आहे. गिरणगावकर काका, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल तुमच्या पाया पडते. माझ्याकडे येणारे नवरे हे कधीच बोलत नाहीत.

दादा, तुमचं वजन 72. किलोमागे 1.6 ते 2 ग्रॅम प्रथिनं धरली तर रोज साधारण 115 ते 145 ग्रॅम. पावडरचा डबा नव्हे, घरचं सांगते: चार अंडी 24, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या 26, अर्धा लिटर दूध 16 ते 20, दीडशे ग्रॅम कच्चं चिकन 33-34. डाळ, शेंगदाणे, भाकरी यांतून उरलेलं सहज निघतं. स्पर्धेसाठी वजन उतरवायचं तर आठवड्याला 350 ते 700 ग्रॅम, त्याहून जास्त नको. भराभर उतरवलं तर चार वर्षांत कमावलेला स्नायूही जाईल.

शेवटच्या दोन दिवसांत पाणी तोडायला, लघवीच्या गोळ्या घ्यायला कुणीतरी नक्की सांगेल. ऐकू नका. पोटॅशियम बिघडलं की हृदयाचे ठोके चुकतात, माणूस स्टेजमागेच कोसळतो. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) घेत असाल, दिवसाला 3 ते 5 ग्रॅम, तर रक्त तपासताना डॉक्टरांना आधी सांगा, कारण त्याने क्रिएटिनिनचा आकडा वर दिसू शकतो आणि उगाच किडनीची भीती बसते. रात्रपाळीच्या आठवड्यात वजनं थोडी कमी ठेवा आणि दिवसा खिडकीला जाड पडदा लावून सलग झोपा. कापडाच्या गावात पडद्याची अडचण नसावी.

सिंहगडरोड

मी 36 वर्षांची, दोनदा स्पर्धेत उतरले आहे, काहीही न टोचता. एकदा शेवटून दुसरी, एकदा चौथी. हसलं कुणीच नाही. स्टेजमागे तर प्रतिस्पर्ध्यांनीच माझ्या पाठीला रंग लावून दिला, आपला हात पाठीवर पोचतच नाही ना.

वर कुणी बोललं नाही ते सांगते. स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाची तयारी करून ठेवा. पोटाच्या त्या रेषा आठ-दहा दिवसांत पुसट होतात, व्हायलाच हव्यात, इतक्या कमी चरबीवर शरीर निरोगी राहत नाही. पण मला पहिल्या वेळी वाटलं की मी सगळं घालवलं. तीन आठवडे आरसा टाळला, रात्री उठून डबे उघडून खाल्लं. दुसऱ्या वेळी स्पर्धेच्या आधीच पुढच्या महिन्याचं खाणं लिहून फ्रिजवर चिकटवलं आणि सोमवारी नेहमीच्या वेळी जिमला गेले. मग सोपं गेलं. तुमची वही आहे ना, तिच्यात स्पर्धेनंतरच्या तारखा आत्ताच घालून ठेवा.

यंत्रमागवाला

सगळ्यांना नमस्कार. उत्तर द्यायला उशीर झाला, आठवडाभर रात्रपाळी होती.

गिरणगावकर काका, तुमचं लिहिलेलं मी बायकोला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, उठून चहा टाकला. मग म्हणाली, "उतरायचं तर नीट उतरा, मांड्या झाकू नका." कोर्सला नाही म्हणून कळवलं. शिकवणारा पोरगा म्हणाला, मग माझ्याकडून तयारी होणार नाही. ठीक आहे. खालच्या तालमीतले वस्ताद म्हणाले, त्यांना पोझिंगमधलं कळत नाही, पण सकाळी साडेआठला समोर बसून बघतील आणि मी कुठे ढिला पडतो ते सांगतील. जिममधल्या दोन पोरांशी बोललो. एकाने ऐकून घेतलं, दुसरा उठून गेला. त्याच्याशी परत बोलणार आहे.

ताकभात ताई, वड्या सुरू केल्या. जुन्या चादरीचा दुहेरी पडदा शिवून घेतला.

मास्टर्स गट आहे, आयोजकांना फोन करून विचारलं. नाव दिलं. वहीत 1 फेब्रुवारीपर्यंतच्या तारखा घातल्या. काल पोराने मोबाइलवर वेळ लावली. मागून दोन्ही दंडांची पोझ अकरा सेकंद टिकली, मग पिंढरीत गोळा आला. आज चौदा.