मदत हवी आहे: विवी ऑर्निटियर कमांडर डेक, कार्डं धो-धो येतात पण डाव संपत नाही

लालनिळा:

मॅजिक: द गॅदरिंग हा पत्त्यांचा खेळ खेळणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. जून २०२५ मध्ये फायनल फॅन्टसीच्या संचात आलेला विवी ऑर्निटियर अखेर हातात पडला आणि लगेच त्याला कमांडर (डेकचा म्होरक्या) करून डेक (कार्डांचा गठ्ठा) बांधला. आमचं चौघांचं टोळकं आहे, ब्रॅकेट ३ वर (डेकच्या ताकदीची मधली पायरी) एकमत आहे, प्रॉक्सी (कार्डांच्या नकला) चालतात.

ज्यांनी कार्ड पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: तीन मॅनाचा (मॅना म्हणजे कार्ड टाकायला लागणारी शक्ती) ०/३ क्रीचर (पॉवर ०, टफनेस ३), एक निळा, एक लाल, एक कुठलाही. तुम्ही क्रीचर नसलेला कोणताही स्पेल टाकला की विवीवर +१/+१ काउंटर बसतो आणि प्रत्येक प्रतिस्पर्ध्याला १ डॅमेज जातं. शिवाय शून्य मॅनात, फक्त आपल्या पाळीत आणि पाळीत एकदाच, त्याच्या पॉवरइतका निळा-लाल मॅना मिळतो.

मुख्य कल्पना सरळ आहे. विवीला क्युरिऑसिटी चिकटवायची, मग त्याने प्रतिस्पर्ध्याला डॅमेज दिलं की एक कार्ड ओढता येतं. समोर तीन जण असल्यामुळे एका स्पेलला तिघांना डॅमेज, म्हणजे तीन कार्डं. ऑफिडियन आय आणि टँडम लुकआउट हे त्याच कामाचे पर्याय म्हणून आहेत. शेवट करायला आयसोक्रॉन सेप्टर (दोन मॅना दिले की त्यात ठेवलेल्या स्पेलची प्रत टाकतो) आणि ड्रमॅटिक रिव्हर्सल (जमिनी सोडून आपली आडवी कार्डं उभी करतो) ठेवलेत. जमिनी ३४, मॅना रॉक (मॅना देणाऱ्या वस्तू) ९, पॉन्डर-प्रीऑर्डेन-ब्रेनस्टॉर्म हे एका मॅनाचे ड्रॉ स्पेल आहेतच, आणि चार-पाच मॅनाचे मोठे ड्रॉ स्पेलही बरेच आहेत.

होतंय असं की पाळी सुरू झाल्याबरोबर विवीचा मॅना घेतो, दोन-तीन स्पेल टाकतो, हातात दहा-बारा कार्डं जमतात आणि मॅना संपतो. मग पुढच्या तिघांपैकी कुणीतरी विवीला एक्झाइल करतं (डावाबाहेर काढतं), काउंटरही गेले आणि कमांडर टॅक्सही (पुन्हा बोलावताना जादा मॅना) लागला. त्यात एखादा गडी आधी बाद झाला तर इंजिन आणखी मंदावतं.

तर सल्ला हवाय:
शेवटचा कॉम्बो हाच ठेवू की दुसरा घेऊ? क्विकसिल्व्हर एलिमेंटलबद्दल ऐकलंय, पण "पाळीत एकदाच" लिहिलेलं असताना तो चालतो कसा?
डेकमधून काय काढू?
आणि ब्रॅकेट ३ च्या टेबलावर हे सगळं शिष्टाचारात बसतं का?

जुनाखोका:

डेक बरा दिसतोय. गडबड मॅना कधी घेता यात आहे.

समजा पाच जमिनी आहेत, विवीवर एक काउंटर आहे आणि क्युरिऑसिटी लागलेली आहे. पाळी सुरू होताच विवीचा मॅना घेतलात तर पाच अधिक एक, सहा मॅना. तोच विवी शेवटपर्यंत राखून ठेवा. जमिनींवर एक-एक मॅनाचे पाच स्पेल टाका, पॉवर सहा होते, मग मॅना घ्या: पाच अधिक सहा, अकरा. आणि तोपर्यंत पंधरा कार्डं आलेली असतात ती वेगळीच. विवीचा मॅना म्हणजे दिवाळीचा बोनस आहे हो, पहिल्याच दिवशी उडवायचा नसतो. फक्त फेज संपली की न वापरलेला मॅना उडून जातो, त्यामुळे ज्या मेन फेजमध्ये खर्च करायचाय तिथेच घ्या.

दुसरं म्हणजे दुसऱ्यांच्या पाळीत इन्स्टंट (कुणाच्याही पाळीत टाकता येणारे स्पेल) टाका. मॅना तुमच्याच पाळीत मिळतो, पण काउंटरला अशी अट नाही. तुमची पाळी येईपर्यंत विवी तीन-चार पॉवरचा झालेला असला तर सगळं गणितच बदलतं.

काढायचं काय? चार-पाच मॅनाचे ड्रॉ स्पेल सगळे काढा. एका मॅनाचा स्पेल तीन कार्डं देत असताना पाच मॅना मोजून चार कार्डं कशाला घ्यायची? त्या जागी फुकटचे स्पेल घाला: मिश्राज बॉबल, अर्झाज बॉबल, टॉर्मोड्स क्रिप्ट. एव्हरफ्लोइंग चॅलिससुद्धा, ते शून्यातही टाकता येतं. ऑर्निथॉप्टर घालायचा मोह होईल, तो घालू नका. फुकट असला तरी क्रीचर आहे, विवी ढिम्म हलणार नाही.

पिसलेलापत्ता:

क्विकसिल्व्हरचं सांगतो. पाच मॅनाचा ३/४ क्रीचर, २००३ च्या मिरॉडिन संचातला. एक निळा मॅना दिला की तो लक्ष्य केलेल्या क्रीचरच्या सगळ्या ॲक्टिव्हेटेड (किंमत मोजून वापरायच्या) क्षमता पाळी संपेपर्यंत उचलतो. विवीची क्षमता उचलली की मजकुरात जिथे विवीचं नाव आहे तिथे क्विकसिल्व्हर समजायचा, म्हणून त्याच्या स्वतःच्या तीन पॉवरचा मॅना मिळतो. एक दिला, तीन मिळाले.

"पाळीत एकदाच" ही मर्यादा त्या उचललेल्या प्रतीपुरती आहे. पुन्हा एक निळा दिलात की क्षमतेची नवी प्रत मिळते, तिला तिची स्वतःची एकदाची मुभा असते. दर फेरीला दोन मॅना शिल्लक, पाहिजे तितक्या फेऱ्या. टॅपचं (कार्ड आडवं करायचं) चिन्ह कुठेच नसल्यामुळे क्विकसिल्व्हर आल्या-आल्या, त्याच पाळीत चालतो. पण नुसत्या अनंत मॅनाने कुणी मरत नाही, तो मॅना वापरून डाव संपवायला एक स्पेल लागतो. मी कॉमेट स्टॉर्म घेईन, जितका मॅना ओताल तितकं डॅमेज. एरवीही कामाचा इन्स्टंट आहे, हातात कुजत नाही.

सेप्टर-रिव्हर्सलचा उलटा फायदा मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. एरवी त्या जोडीला नफ्यात यायला तीन मॅना देणारे रॉक लागतात. विवी असताना एकटी सोल रिंग पुरते. दोन मॅना मिळाले, दोन सेप्टरला दिले, रिव्हर्सलने दोन्ही पुन्हा उभे. मॅना शून्यच शिल्लक, पण प्रत्येक वेळी प्रतीचा स्पेल "टाकला" जातो, म्हणजे विवी ट्रिगर होतो. चाळीस फेऱ्यांत चाळीस लाइफचे तिघेही एकदम साफ. रिव्हर्सलने विवी उभा राहिला तरी त्याचा मॅना दुसऱ्यांदा मिळत नाही, तो हिशोबात धरू नका.

आणि टँडम लुकआउट ताबडतोब काढा! क्युरिऑसिटी आणि ऑफिडियन आयवर "ड्रॉ करू शकता" आहे, लुकआउटवर सक्ती आहे. चाळीस फेऱ्या गुणिले तीन, एकशेवीस कार्डं. तुमच्या लायब्ररीत (ओढायच्या गठ्ठ्यात) नव्वदच्या आत आहेत, आणि गठ्ठा रिकामा असताना ओढावं लागलं की हार. समोरच्यांचं लाइफ तिशीच्या वर असेल तर त्यांच्याआधी तुम्हीच घरी जाल.

तिसरीपाळी:

नियम झाले, आता टेबलाचं बोलूया. ब्रॅकेट ३ मध्ये गेम चेंजर (फार जोरदार कार्डांच्या) यादीतली तीनच कार्डं चालतात आणि दोन कार्डांचा अनंत कॉम्बो डावाच्या सुरुवातीला करायचा नाही. क्विकसिल्व्हर इथे खटकतो, कारण दुसरं कार्ड म्हणजे तुमचा कमांडर आणि तो कमांड झोनमध्ये कायम हजर. रॉक वेळेवर लागले तर चौथ्या पाळीलाच मॅना अनंत. स्टँडर्ड या खेळप्रकारात हाच विवी आगाथाज सोल कॉल्ड्रनच्या जोडीने इतका चालला की नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच्यावर बंदी आली. तिथेही युक्ती हीच होती, विवीची मॅनाची क्षमता दुसऱ्या क्रीचरला द्यायची. कमांडरमध्ये बंदी नाही, पण टेबलावर विवी दिसला की सगळ्यांच्या भुवया वर जातात.

सेप्टरची जोडी मला जास्त पटते. डेकमधली तीन कार्डं जमवावी लागतात, समोरच्यांना तोडायला जागा मिळते, आणि डाव हरलात तरी कुणी हळहळत नाही.

जुनाखोका:

जमवायला जागा? पाळीला पंधरा कार्डं ओढणाऱ्याला तीन कार्डं जमवायला कितीसा वेळ लागतो? माझ्या मते दोन्हींत फार फरक नाही. खरा प्रश्न ट्यूटर (गठ्ठ्यातून हवं ते कार्ड शोधून देणारे) किती घालता हा आहे. ट्यूटर न घालता क्विकसिल्व्हर ठेवला तर तो आपोआप उशिराच येतो.

लालनिळा:

बापरे, एकशेवीस कार्डांचा हिशोब डोक्यातच आला नव्हता कुणाच्या. आमच्या टोळक्यात लुकआउटला सगळे "सुरक्षित पर्याय" म्हणत होते.

सध्या ठरवलंय ते असं: सेप्टर-रिव्हर्सल ठेवतो, क्विकसिल्व्हर बाहेर, निदान टोळक्याला विचारेपर्यंत. मोठे ड्रॉ आणि लुकआउट जातील, बॉबल आणि चॅलिस येतील. विवी वाचवायला लाइटनिंग ग्रीव्ह्ज घेऊ का? इक्विप (क्रीचरला चढवणं) फुकट आहे आणि टाकताना एक काउंटरही मिळतो.

पिसलेलापत्ता:

ग्रीव्ह्ज श्राउड देतात. श्राउड असताना तुम्हालाही विवीला लक्ष्य करता येत नाही, म्हणजे क्युरिऑसिटी लावता येत नाही. आधीच लागलेली असेल तर ती पडत नाही, त्यामुळे क्रम आधी क्युरिऑसिटी, मग ग्रीव्ह्ज असा ठेवलात तर जमतं. पण दुसऱ्यांदा ऑफिडियन आय लावून एका स्पेलला सहा कार्डं करायची असतील तर ग्रीव्ह्ज हलवायला दुसरा क्रीचर हवा, आणि तुमच्याकडे क्रीचर जवळजवळ नाहीतच. स्विफ्टफूट बूट्स घ्या. इक्विपला एक मॅना जातो, पण ते हेक्सप्रूफ देतात, तुमची स्वतःची कार्डं अडत नाहीत.

तिसरीपाळी:

आणि एक गडी आधी बाद होतो म्हणून इंजिन मंदावतं म्हणालात ना, तर विवीने हल्ला करून एकट्याला उडवायची घाई करू नका. २१ कमांडर डॅमेजचा मोह मला कळतो, पण तिघे जिवंत असताना स्पेलला तीन कार्डं मिळतात, दोघे उरले की दोन. दुसरं कुणी एकाला संपवत असेल तर काउंटरस्पेल (दुसऱ्याचा स्पेल रद्द करणारे) बाकीच्यांना वाचवायलाही वापरा. लोक चक्रावतात, पण तुमच्या फायद्याचं आहे.

जुनाखोका:

जमिनी ३४ वरून ३२ करा, फुकटचे स्पेल आल्यावर चालून जातं. त्याखाली नका जाऊ, विवी तिसऱ्या पाळीला आलाच पाहिजे. बदललेली यादी इथेच टाका, ती पाहून ट्यूटरचं ठरवू.