दुधाची कॉफी थर्मासमध्ये किती तास ठेवावी? रात्रीच्या अभ्यासिकेसाठी मदत हवी आहे

सर्वांना नमस्कार.

नागपुरात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर आम्ही एक छोटी अभ्यासिका चालवतो. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी सुमारे चाळीस मुले-मुली तेथे बसतात आणि त्यांतील निम्मी तरी रात्री एक-दीडपर्यंत थांबतात. बहुतेक जण भंडारा, गोंदिया, गडचिरोली या भागांतून आलेले आहेत. ते खोली घेऊन राहतात आणि मेसमध्ये जेवतात. रात्री त्यांना घरचे काहीतरी गरम मिळावे, म्हणून गेली तीन वर्षे मी रोज संध्याकाळी कॉफी करून वर पाठवत आले आहे.

कॉफी आमच्याकडे पूर्वापार होते तशीच असते. संध्याकाळी साडेसहाला चार लिटर दूध आणि एक लिटर पाणी उकळत ठेवायचे, त्यात साखर, कॉफीची पूड आणि थोडे किसलेले जायफळ घालायचे, गाळून नळाच्या मोठ्या थर्मासमध्ये भरायचे. मुले रात्री एकपर्यंत आपापल्या सवडीने पेला भरून घेतात. जी उरेल ती सकाळी पातेल्यात काढून, पुन्हा खळखळून उकळून आम्ही घरचे पीत असू, कारण दुधाचा पदार्थ मोरीत ओतायला हात धजत नाही.

या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर असताना, एका रात्री बारानंतर कॉफी घेतलेल्या तीन मुलांना पहाटे तीनच्या सुमारास उलट्या सुरू झाल्या. एकाला सलाईन लावावे लागले. तिघेही दोन दिवसांत बरे झाले. त्यांतील दोघांनी संध्याकाळी बाहेर तर्री पोहे खाल्ले होते, पण तिसऱ्याने खाल्ले नव्हते. तिघांच्याही पोटात गेलेली एकच गोष्ट म्हणजे माझी कॉफी. दोष तिचाच होता असे कोणीही म्हटले नाही आणि ते सिद्धही झालेले नाही, तरीही त्या रात्रीपासून मी दुधाची कॉफी वर पाठवलेली नाही. आईवडिलांनी विश्वासाने पाठवलेली लेकरे आहेत. येथे अंदाजाने वागणे मला पटत नाही.

त्यानंतर मी स्वयंपाकघरातील तापमापी आणून थर्मासमध्ये फक्त उकळते पाणी भरून पाहिले. साडेसहाला ते ९० अंश होते, साडेनऊला ७१, साडेदहाला ६३ आणि बारा वाजता ५५. मुले सारखा नळ उघडतात आणि थर्मास जसजसा रिकामा होतो तसतसा तो लवकर निवतो, त्यामुळे प्रत्यक्षात कॉफी याहून लवकर कोमट होत असणार.

मला मुख्यतः तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. दुधाची कॉफी थर्मासमध्ये नेमकी कोठवर सुरक्षित मानावी, आणि ती घड्याळावर ठरवावी की तापमानावर? सकाळी पुन्हा उकळल्याने ती पिण्याजोगी होते का? आणि बिनदुधाची कोरी कॉफी ठेवली तर ती किती वेळ टिकते, कारण चार तासांनी तिची चव आंबट-कडू लागते आणि ती बिघडल्याची खूण आहे की केवळ शिळेपणाची, हे मला ओळखता येत नाही. आणखी एक विचारते: आमच्याकडे वीज जाते तेव्हा मी दुधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवते, तेवढे पुरेसे आहे का?

प्रतिसाद

ताई, मी अन्नतंत्रज्ञान हा विषय शिकवतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. आपण तापमान मोजलेत हे फार चांगले केले, कारण आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्याच आकड्यांमध्ये आहे.

चव जाणे आणि पेय धोकादायक होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या वेगवेगळ्या वेगाने घडतात. कॉफीचा सुगंध ज्या घटकांमुळे येतो ते सहज उडून जाणारे असतात, त्यामुळे अर्ध्या-एक तासातच ती बोथट वाटू लागते. ती गरम ठेवली की तिच्यातील क्लोरोजेनिक आम्लांचे विघटन होऊन क्विनिक आणि कॅफेइक आम्ले वाढतात. आपल्याला लागणारी आंबट-कडू चव बव्हंशी त्यामुळे येते. ही बिघाडाची खूण नव्हे. अशी कोरी कॉफी बेचव असते, पण त्याच दिवशी प्यायल्यास सहसा अपाय करत नाही. उलट, जिच्यात धोका निर्माण झाला आहे ती दुधाची कॉफी चवीला आणि वासाला अगदी ठीक लागू शकते, म्हणून जिभेवर विसंबू नये.

याचे कारण दूध आहे. कोऱ्या कॉफीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितके पेय अधिक आम्ल) साधारण ५ असतो आणि तिच्यात जिवाणूंना लागणारे पोषण फारसे नसते. दूध घातले की सामू ६ च्या पुढे सरकतो आणि प्रथिने व शर्करा आयत्या मिळतात. दूध उकळल्याने बहुतेक जिवाणू मरतात, परंतु बॅसिलस सिरिअससारख्या जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे कवचातील सुप्त रूपे, उकळीतूनही वाचतात आणि पेय कोमट झाले की पुन्हा जागे होऊन वाढू लागतात. दुसरा स्टॅफिलोकोकस ऑरियस. तो आपल्या नाकात आणि त्वचेवर असतो आणि हाताळण्यातून पेयात उतरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार ५ ते ६० अंश सेल्सिअस हा जिवाणूंच्या वाढीचा पट्टा आहे, आणि शिजवलेले अन्न साध्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक ठेवू नये. भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर अमेरिकेच्या कृषी विभागाने हीच मुदत एका तासावर आणली आहे. नागपुरात मे महिन्यात, विशेषतः नवतपाच्या दिवसांत, बंद खोलीत रात्री दहालाही याहून अधिक तापमान असते. त्यामुळे आपल्यासाठी एक तास हीच मुदत धरावी.

म्हणून थर्मासमधील कॉफी ६० अंशांच्या वर असेपर्यंत सुरक्षित समजावी, मग भरून कितीही तास झालेले असोत. ती ६० च्या खाली उतरली की तेथून एक तास मोजावा आणि उरलेली टाकून द्यावी. आपण भरलेला थर्मास साडेदहालाच त्या रेषेजवळ येतो. बारानंतर घेतलेली कॉफी तासाभराहून अधिक काळ त्या पट्ट्यात होती, हे त्यावरून दिसते. त्या मुलांना कॉफीमुळेच त्रास झाला असे मी म्हणणार नाही. मात्र वर सांगितलेल्या दोन्ही जिवाणूंच्या विषामुळे उलट्या साधारण एक ते सहा तासांत सुरू होतात, त्यामुळे ही शक्यता नाकारताही येत नाही.

पुन्हा उकळण्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आपल्या घरोघरी हा समज खोलवर रुजलेला आहे. उकळल्याने जिवाणू मरतात, पण त्यांनी आधीच तयार केलेले विष मरत नाही. बॅसिलस सिरिअसचे उलट्या करवणारे विष आणि स्टॅफिलोकोकसचे विष, ही दोन्ही साध्या उकळीला दाद देत नाहीत. रात्रभर कोमट राहिलेली कॉफी सकाळी कितीही वेळ उकळली तरी ती सुरक्षित होत नाही. साखर आणि जायफळ या प्रमाणात टिकाऊपणा आणत नाहीत, हेही येथेच नोंदवतो.

ओल्या फडक्याचा उपाय कोरड्या हवेत गारवा देतो, हे खरे आहे. परंतु बाष्पीभवनाने मे महिन्यातील नागपुरात बाटली फार तर वीस-पंचवीस अंशांपर्यंत येईल आणि आपल्याला ५ अंशांच्या खाली जायचे आहे. माठ पाण्यासाठी उत्तम. दुधासाठी तो पुरेसा नाही. वीज गेल्यावर फ्रिजचे दार न उघडता ठेवले तर आतील गारवा साधारण चार तास टिकतो, म्हणून बाटली फ्रिजमध्येच राहू द्यावी.

प्रतिसाद

आमचे घराणे मूळचे तमिळनाडूचे, पण तीन पिढ्या धरमपेठेत गेल्या. आमच्याकडे कॉफी आणि दूध यांची गाठ पेल्यातच पडते, त्याआधी नाही. स्टीलच्या फिल्टरमध्ये काढलेला दाट डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा अर्क, स्वच्छ, कोरड्या काचेच्या बाटलीत फ्रिजमध्ये दोन दिवस ठेवतो. तिसऱ्या दिवशी त्याला वास राहत नाही, म्हणून तितकाच काढतो. दूध लागेल तेवढे आयत्या वेळी तापवतो. चाळीस मुलांसाठीही हे जमेल असे वाटते: थर्मासमध्ये फक्त उकळते पाणी ठेवावे, आणि फ्रिजमधील डिकॉक्शन व दूध यांचा लहान घाणा रात्री दोनदा तापवून द्यावा.

एक गोष्ट आवर्जून पाहावी, ती म्हणजे थर्मासचा नळ. आमच्या एका समारंभात आणलेल्या थर्मासचा नळ उघडला तेव्हा आत दुधाचा पिवळट थर साचलेला होता. झाकणाची रबरी कडी आणि नळ रोज सुटे करून, गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि बारीक ब्रश यांनी घासावेत आणि थर्मास उघडा, पालथा वाळवावा. बंद करून ठेवला तर ओल तशीच राहते.

प्रतिसाद

अन्नतंत्रज्ञान शिकवणारा मीच पुन्हा लिहितो आहे. वरील पद्धत मला पूर्णपणे पटते, तिला फक्त एक पुस्ती जोडतो. गरम डिकॉक्शन निवेपर्यंत ओट्यावर ठेवण्याऐवजी परातीत थंड पाणी आणि बर्फ घेऊन त्यात भांडे ठेवावे, म्हणजे ते लवकर निवते आणि मग लगेच फ्रिजमध्ये जाते. मुले थंड कॉफी मागतील, तेव्हा बारा-सोळा तास भिजवून केलेली कोल्ड ब्रूही भिजण्यापासून पिण्यापर्यंत फ्रिजमध्येच राहिली पाहिजे. बाटली घट्ट बंद आहे म्हणून ती बाहेर टिकेल असे समजू नये. हवाबंद, कमी आम्लाच्या पेयात बॉट्युलिझमचा (जीवघेण्या ठरू शकणाऱ्या अन्नविषबाधेचा) जिवाणू वाढू शकतो आणि याच शंकेवरून २०१७ मध्ये अमेरिकेतील एका उत्पादकाने डबाबंद नायट्रो (नायट्रोजन वायू मिसळलेली) कोल्ड ब्रू बाजारातून परत मागवली होती.

मूळ प्रश्नकर्तीचे उत्तर

आपणा दोघांचेही मनापासून आभार. सकाळी उकळून घेण्याची सवय माझ्या सासूबाईंपासून चालत आलेली आहे आणि ती मी अगदी खात्रीने पाळत होते. ती आपली उत्तरे वाचली त्याच दिवशी बंद केली. थर्मासचा नळही त्या दिवशी प्रथमच पूर्ण सुटा केला. आतील थर पाहून मला फार वाईट वाटले, कारण बाहेरून मी तो रोज घासत होते.

गेले आठ दिवस अशी व्यवस्था केली आहे. डिकॉक्शन एक दिवसाआड काढते. साडेसात आणि साडेदहा अशा दोन वेळांना दीड-दीड लिटर दूध तापवून कॉफी करते आणि ती लहान थर्मासमध्ये वर जाते. थर्मासवर भरल्याची वेळ लिहिलेली चिठ्ठी लावते आणि झाकणाला दोऱ्याने तापमापी बांधली आहे. ६० च्या खाली गेले की तास मोजायचा, हे मुलांनीच फळ्यावर लिहून ठेवले आहे. साडेअकरानंतर ज्यांना हवी असेल त्यांच्यासाठी गरम पाणी आणि डिकॉक्शन ठेवलेले असते, ते कोरीच पितात. दूधही आता चार लिटरऐवजी तीन लिटरमध्ये भागते, कारण उरत काहीच नाही.

वीज जाण्याचा प्रश्न मात्र अर्धाच सुटला आहे. काल सलग पाच तास वीज नव्हती आणि फ्रिजमधील दोन लिटर पिशवीचे दूध मी शंकेने टाकून दिले. दार बंदच होते, पण चार तासांच्या वर गेल्यावर अशा दुधाचे तापमान मोजून ठरवावे की सरसकट टाकावे, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद

मोजून ठरवावे, ताई. पिशवी फोडून दुधात तापमापी बुडवावी. ५ अंश किंवा त्याखाली असेल तर दूध लगेच उकळून वापरावे. त्याहून अधिक असेल आणि ते किती वेळ तसे होते हे कळत नसेल, तर टाकणेच योग्य, काल आपण केलेत तसे. फ्रीजरमध्ये पाण्याच्या दोन बाटल्या गोठवून ठेवल्या आणि वीज जाताच त्या दुधाच्या पिशव्यांना चिकटवून ठेवल्या, तर हाती आणखी थोडा वेळ राहतो. मात्र त्यासाठी दार एकदाच आणि चटकन उघडावे.