मदत हवी आहे: कामठी सँडस्टोनमधली नदी उलट्या दिशेने वाहायची का?

नमस्कार मंडळी, जिऑलॉजीवाले कोणी असतील तर प्लीज सांगा. मी चंद्रपूरचा, एमेस्सीच्या प्रोजेक्टला वर्धा खोऱ्यातला कामठी सँडस्टोन (जुन्या नदीच्या वाळूचा झालेला खडक) घेतलाय. नाल्याच्या काठाला कट उघडा पडलाय तिथे क्रॉस बेडिंग, म्हणजे वाहत्या पाण्याने वाळूत टाकलेले तिरपे पदर, एकदम झकास दिसतं. खाली गोटे, त्यावर जाडी वाळू, त्यात हे तिरपे पदर, मग बारीक होत होत वर लालसर क्ले आणि तिला खरवडून परत गोटे, असंच वरपर्यंत चालू. पदर पाणी वाहायचं त्या बाजूला उतरतात, आणि लोचा हा आहे की हा उतार कंपासवर बहुतेक ठिकाणी वायव्येला नाहीतर उत्तरेला येतोय, आणि आपली वर्धा-प्राणहिता-गोदावरी तर आग्नेयेला जाते! सर म्हणाले रीडिंग ठीक आहेत, कारण तू शोध. शिवाय खाली बराकरमध्ये (कामठीच्या खालचे जुने थर) कोळसा आणि वर कामठीत लाल क्ले, मग हवामान बदलून कोरडं झालं असं बिनधास्त लिहू का?

प्रतिसाद १:
उलटी कसली, ती नदीच वेगळी होती. पर्मियनमध्ये, म्हणजे पंचवीसेक कोटी वर्षांपूर्वी, आपल्या पूर्वेला समुद्र नव्हताच, अंटार्क्टिका चिकटलेलं होतं आणि उंच भाग त्या बाजूला, त्यामुळे पाणी इकडे वायव्येला यायचं. बंगालचा उपसागर नंतर उघडला, आजचा उतारही नंतरचाच, गोदावरीला फक्त जुना खचलेला पट्टा आयता मिळाला. वाळू कुठल्या डोंगरातली हे बघायचं तर झिरकॉन नावाच्या खनिजाच्या कणांचं युरेनियम-लेडने (युरेनियमचं किती शिसं झालं त्यावरून) वय काढतात आणि कुठल्या खडकाशी जुळतं ते बघतात.
आणि जाडी विसरू नकोस रे. नुसती नदी असून गाळ एवढा साचत नाही, तळ खचत राहिला तरच साचतो, नाहीतर पुढचा पूर मागचं सगळं धुवून नेतो. फॉल्टच्या (जमीन तुटून सरकलेल्या भेगेच्या) कडेला थर जाड होतात का तेवढं बघ.

प्रतिसाद २:
वरच्यांशी सहमत, पण लाल रंगावर लगेच भरवसा ठेवू नका हो. लोखंडाचा रंग खडकाला नंतरही चढतो. क्लेमध्ये मुळांच्या खुणा, चुनखडीचे खडे सापडले तर जमीन उघडी पडून वाळत होती म्हणता येईल. कोळशाला मात्र वर्षानुवर्षं पाणी तुंबलेली दलदल लागते, म्हणजे वॉटर टेबल (जमिनीतल्या पाण्याची पातळी) वर. आता तो खाली गेला तो पावसामुळे की तळ खचायचा वेग बदलल्यामुळे, हे एका कटवरून ठरत नाही. हवामानाचा पक्का पुरावा पाहिजे तर अगदी तळाचे तालचीर नावाचे थर बघा, चंद्रपूरजवळ इरईला बर्फाने आणलेले गोटे आहेत आणि खाली पैनगंगा चुनखडकावर बर्फाचे ओरखडे.
बाकी ट्रफ टाइप, म्हणजे पन्हळीसारखं खोलगट, क्रॉस बेडिंग असेल तर एका बाजूचा उतार घेऊ नका, ट्रफचा मधला अक्ष घ्या, नाहीतर दिशा भलतीकडे जाते. थर नंतर कललेले असतील तर टिल्ट करेक्शन करा, म्हणजे तेवढा कल रीडिंगमधून काढून टाका. घरंगळून आलेल्या दगडावर कंपास लावूच नका.