स्पार्कचा जॉब लिहिणाऱ्याला क्लस्टर कळायला नको का?

विदागार (धागाकर्ता)

आमच्या क्षेत्रात, म्हणजे स्पार्क वापरून प्रचंड डेटा अनेक मशीनवर वाटून हाताळण्याच्या कामात, एक विभागणी झपाट्याने रुजते आहे. जॉब (स्पार्कवर चालणारा प्रोग्राम) लिहिणारे वेगळे, क्लस्टर (या मशीनचा ताफा) सांभाळणारे वेगळे. पायस्पार्कमध्ये, म्हणजे पायथनमधून, कोड लिहायचा, तो पडला की प्लॅटफॉर्म टीमला तिकीट टाकायचं, "मेमरी वाढवून द्या." मेमरी वाढते, जॉब आठवडाभर तग धरतो, डेटा थोडा फुगला की परत पडतो आणि परत तिकीट.

माझं मत स्पष्ट आहे. ज्याने जॉब लिहिला त्यालाच एक्झिक्युटर (मशीनवर काम करणारी स्पार्कची प्रोसेस) किती, तिला कोअर किती, पार्टिशन (डेटाचे तुकडे) किती हे ठरवता आलं पाहिजे. या प्रश्नांची उत्तरं कोडमध्ये आणि डेटात दडलेली असतात.

नेहमीचाच हिशेब घेऊ. १६ कोअर आणि ६४ जीबीचं मशीन. एक कोअर आणि एक जीबी ऑपरेटिंग सिस्टिम आणि यार्न (क्लस्टरची मेमरी आणि कोअर वाटून देणारी व्यवस्था) यांच्यासाठी बाजूला काढले. उरलेल्या १५ कोअरचे पाच-पाचचे तीन एक्झिक्युटर, ६३ जीबीचे तीन वाटे, प्रत्येकी २१. त्यातून हीपबाहेरचा (हीप म्हणजे स्पार्क ज्यावर चालतो त्या जेव्हीएमची, जावाच्या यंत्राची, मुख्य मेमरी) दहा टक्के ओव्हरहेड सोडला की हीप साधारण १९ जीबी. इथवर सगळ्यांना पाठ असतं, पुढे सहसा कोणी जात नाही. या १९ जीबीतले ३०० एमबी स्पार्क स्वतःसाठी राखून ठेवतो. उरलेल्यातला ०.६ भाग शफल (मशीनमशीनमध्ये डेटाची नव्याने वाटणी), सॉर्ट, जॉइन आणि कॅश या सगळ्यांना मिळून. म्हणजे अकरा जीबीच्या किंचित वर. एका वेळी पाच टास्क (एकेका पार्टिशनवरचं काम) चालणार, तेव्हा एका टास्कच्या वाट्याला जेमतेम सव्वादोन जीबी.

आता शफलला १ टीबी डेटा जातोय आणि शफल पार्टिशन्स आहेत तशीच, २०० वर. एका टास्कच्या गळ्यात ५ जीबी. तोही डिस्कवरचा, दाबून बसवलेला आकडा. मेमरीत उलगडला की आणखी वाढतो. टास्क डिस्कवर स्पिल करत (मेमरीत न मावलेलं लिहीत) बसतो, जॉब रखडतो, कधी मरतो. २०० चे २००० केले तर एका टास्कला अर्धा जीबी आणि त्याच मशीनवर तोच जॉब सुरळीत चालतो. शफलला नेमका किती डेटा जाणार हे प्लॅटफॉर्म टीमने कुठून ओळखायचं?

ज्यांना हे पटत नाही त्यांनी जरूर लिहा. मला या विषयावर नीट वाद हवा आहे.

यार्नचा_रखवालदार

मला पटत नाही. हिशेब बरोबर आहे तुमचा, पण तो एका जॉबचा आहे. मी सांभाळतो तो क्लस्टर डझनावारी टीम वापरतात.

सगळ्यांना मोकळीक दिली की काय होतं ते रोज बघतो. डायनॅमिक ॲलोकेशन (रिकामे एक्झिक्युटर आपोआप सोडणं, लागतील तसे घेणं) स्पार्कमध्ये मुळातच बंद असतं. कोणीतरी पन्नास एक्झिक्युटर मागून घेतं, नोटबुक तसंच उघडं टाकून घरी जातं. रात्रभर ते एक्झिक्युटर रिकामे बसून राहतात आणि पहाटेच्या अहवालाचे जॉब रांगेत 'ॲक्सेप्टेड' होऊन ताटकळतात. त्या माणसाला क्लस्टर कळत नव्हता असं अजिबात नाही. त्याला चांगला कळत होता, म्हणूनच एवढे एक्झिक्युटर मागता आले.

आणि तुमच्या २००० चं पुढे काय होतं ते लिहिलं नाहीत. तोच डेटा तसाच एचडीएफएसवर (क्लस्टरच्या सामायिक फाइल-साठ्यावर) लिहिला की एका रनला २००० फाइली. टेबल तारखेनुसार विभागलेलं असेल आणि डेटा महिन्याभराचा असेल, तर प्रत्येक टास्क प्रत्येक तारखेच्या फोल्डरमध्ये आपली फाइल टाकू शकतो. ३० गुणिले २०००, साठ हजार फाइली. नेमनोडला, म्हणजे या साठ्याची यादी ठेवणाऱ्या मशीनला, प्रत्येक फाइल आणि प्रत्येक ब्लॉक (फाइलचा तुकडा) यांची नोंद मेमरीत ठेवावी लागते, एका नोंदीला साधारण १५० बाइट. एक कोटी बारक्या फाइली झाल्या की ३ जीबी त्यातच गेले, आणि १२८ एमबीच्या ब्लॉकमध्ये दोन-दोन एमबीच्या फाइली. तुमचा जॉब सुरळीत झाला, पण त्याचा भार सगळ्यांच्या डोक्यावर आला.

म्हणून माझ्याकडे लहान, मध्यम, मोठा असे तीन प्रोफाइल आहेत. त्यातला निवडा, बाकीचं आमच्यावर सोडा.

शिवाय या सगळ्याचा मूळ हेतूच तो होता. जेफ्री डीन आणि संजय घेमावत यांचा मॅपरिड्यूसवरचा (अनेक मशीनवर काम वाटण्याच्या गूगलच्या पद्धतीवरचा) २००४ चा निबंध काढून बघा. वितरित प्रणालींचा काही अनुभव नसलेल्या प्रोग्रामरलाही मोठी प्रणाली सहज वापरता यावी, हे त्याच्या सारांशातच लिहिलं आहे.

विदागार

तोच निबंध जरा पुढे वाचा. मॅपच्या, म्हणजे पहिल्या टप्प्याच्या, निकालाचे किती भाग करायचे हा आकडा आणि ते कसे करायचे हे फंक्शन, दोन्ही वापरणाऱ्याने द्यायचं असं त्यात सरळ लिहिलं आहे. उदाहरणही आहे: एका होस्टच्या सगळ्या यूआरएल एकाच फाइलमध्ये हव्या असतील तर होस्टच्या नावावर हॅश करा. मशीन मेलं तर काय, काम कुठे पाठवायचं, नेटवर्क कसं वाचवायचं, हे त्यांनी प्रोग्रामरपासून झाकलं. डेटाची विभागणी झाकली नाही, कारण ती झाकता येत नाही.

बारक्या फाइलींचा मुद्दा मला शंभर टक्के मान्य. पण त्यावरचा उपायही कोडमध्येच आहे. लिहिण्याआधी तारखेच्या कॉलमवर रीपार्टिशन करा, एका तारखेचा डेटा एका टास्ककडे येतो आणि साठ हजारांच्या तीस फाइली होतात. एखादी तारीख फारच मोठी असेल तर सोबत आणखी एखादा कॉलम घ्या. ही ओळ तुमच्या कुठल्या प्रोफाइलमध्ये बसणार?

नोटबुक उघडं टाकणाऱ्याचं म्हणाल तर त्याला रांगेची मर्यादा घाला, डायनॅमिक ॲलोकेशन सक्तीचं करा. ते तुमचंच काम आहे, त्यावर वाद नाही.

क्वेरीवाली

मी विश्लेषक आहे, दिवसभर स्पार्क एसक्यूएल लिहिते. धागाकर्त्यांचं म्हणणं मला पाच-सहा वर्षं जुनं वाटतं.

२०२० मध्ये स्पार्क ३.० आलं तेव्हापासून ॲडॅप्टिव्ह क्वेरी एक्झिक्युशन (एक्यूई) आहे, आणि २०२१ च्या ३.२ पासून ते आपोआप चालू असतं. शफल झाल्यावर खरे आकार बघून स्पार्क स्वतः बारकी पार्टिशन्स एकत्र करतो, जॉइनमध्ये एखादं पार्टिशन बेढब मोठं निघालं तर ते फोडतो, एक बाजू लहान निघाली तर ब्रॉडकास्ट जॉइनवर (लहान बाजू सगळीकडे पाठवून जोडण्यावर) जातो. मी हे सगळं का शिकायचं? माझं काम व्यवसायाचा प्रश्न समजून घेणं आहे. एक्झिक्युटरच्या हीपमधल्या ३०० एमबीशी माझा संबंध येऊ नये, यासाठीच लोकांनी वर्षानुवर्षं खपून हे बनवलं.

आणि अजून एक, थोडं रागावूनच लिहिते. "आधी क्लस्टर शिका मग या" या अटीमुळे कितीतरी चांगले विश्लेषक या कामापासून लांब राहिले. आकडेवारी उत्तम येते, पण कॉन्फिगची फाइल बघून घाबरतात. त्यांना बाहेर ठेवून कुणाचं भलं होतंय?

भीमाकाठ

क्वेरीवाली ताई, शेवटचा परिच्छेद पटला. एक्यूईबद्दल मात्र थोडं थांबा.

माझ्यासमोरचं उदाहरण देतो. ग्राहकांच्या व्यवहारांचं टेबल. मोबाइल नंबरनुसार प्रत्येकाचे व्यवहार तारखेने लावून शेवटचा उचलायचा, साधं विंडो फंक्शन. स्टेजचे (जॉबच्या त्या टप्प्याचे) जवळजवळ सगळे टास्क दोन मिनिटांत संपायचे आणि एकच तासन्‌तास चालत राहायचा. स्पार्क यूआयमध्ये त्या स्टेजवर गेलं की खाली टास्कचा तक्ता असतो: किमान, मध्यक, कमाल. शफल रीडचा मध्यक काही एमबी आणि कमाल काही जीबी. एका टास्ककडे निम्मं जग गेलं होतं.

मेमरी दुप्पट झाली, फरक शून्य. स्पेक्युलेशन चालू केलं, तर त्याच टास्कची दुसरी प्रत दुसऱ्या मशीनवर तेवढाच डेटा घेऊन तेवढ्याच संथपणे चालायला लागली. एक्यूई चालू होतंच. पण ते फोडाफोड करतं ती जॉइनची पार्टिशन्स, तीही मध्यकाच्या पाचपट आणि २५६ एमबीच्या वर असतील तर. विंडोला एका किल्लीच्या (इथे एका मोबाइल नंबरच्या) सगळ्या ओळी एकाच ठिकाणी लागतात, तिथे फोडणार काय?

शेवटी किल्लीनुसार ओळी मोजल्या. सगळ्यात वर ९९९९९९९९९९. ग्राहकाने नंबर दिला नाही की काउंटरवरची मंडळी दहा वेळा नऊ दाबत होती. त्या ओळी आधीच वेगळ्या काढल्या आणि जॉब मिनिटांत आला.

क्वेरीवाली

पण दादा, हे डेटाचं ज्ञान झालं, क्लस्टरचं कुठे? दहा नऊ म्हणजे "नंबर नाही" हे काउंटरच्या डेटावर काम करणाऱ्या कुठल्याही विश्लेषकाला माहीत असतं. मला तर नक्की माहीत असतं. तुमच्या उदाहरणाने माझीच बाजू भक्कम झाली. व्यवसाय समजणारा माणूस असता तर हे आधीच सुटलं असतं.

भीमाकाठ

तुम्हाला माहीत असतं, मान्य. पण दहा नऊ असलेल्या ओळींमुळे जॉब रखडतो हे कसं सुचणार? एक किल्ली म्हणजे एक पार्टिशन, एक पार्टिशन म्हणजे एक टास्क, एक टास्क म्हणजे एक कोअर, ही साखळी डोक्यात असेल तरच रखडलेल्या टास्कवरून बोट त्या नंबरापर्यंत पोहोचतं. एवढीच साखळी पुरे. ३०० एमबी तुम्ही खुशाल विसरा. ओरॅकल डेटाबेसवर काम करणारेसुद्धा एक्सप्लेन प्लॅन (क्वेरी कशी चालणार याचा आराखडा) वाचायचेच की, आणि डेटाबेस सांभाळणारा डीबीए वेगळा असायचाच.

एकच_मशीन

सगळी चर्चा एका गृहीतकावर चालली आहे, की क्लस्टर हवाच. बऱ्याचदा नको असतो.

मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या लोकांनी २०१२-१३ च्या सुमारास मांडलं होतं की मायक्रोसॉफ्ट आणि याहूच्या क्लस्टरवरच्या जॉबच्या इनपुटचा मध्यक १४ जीबीच्याही खाली होता. २०१५ मध्ये फ्रँक मॅकशेरी आणि सहकाऱ्यांनी ग्राफच्या गणितांवर दाखवलं की लॅपटॉपवरचा एका थ्रेडचा नीट लिहिलेला प्रोग्राम शंभरावर कोअर वापरणाऱ्या कित्येक वितरित प्रणालींना मागे टाकतो. त्यानंतर मशीन कुठल्या कुठे गेली. आज काहीशे जीबी रॅमचं एक मशीन भाड्याने मिळतं, त्यावर डकडीबी (एकाच मशीनवर चालणारा डेटाबेस) टाका, पार्के (कॉलमनुसार साठवलेल्या डेटाच्या) फाइली वाचा. शफल नाही, एक्झिक्युटर नाही, यार्न नाही. नेटवर्कवरून डेटा फिरवायचाच नसेल तर तो कसा फिरतो हे शिकायचं कशाला?

विदागार

पहिल्या दिवशी विचारायचा प्रश्न हाच आहे, आणि तो विचारला जात नाही याचं मलाही वाईट वाटतं. २० जीबीच्या टेबलासाठी क्लस्टर उभा करणारे मीही पाहिले आहेत. पण "इथे क्लस्टर नको" हे ठामपणे सांगायला तरी क्लस्टरचा खर्च कुठे होतो ते कळायला हवं. आणि रोज काही टीबी लॉग येतात, वर्षाचा इतिहास जोडायचा असतो, तिथे एका मशीनची डिस्कच पुरत नाही. स्पार्कने २०१४ मध्ये १०० टीबी २३ मिनिटांत सॉर्ट करून दाखवलं ते २०६ मशीनवर. त्याआधीच्या हडूपच्या (मॅपरिड्यूसवर चालणाऱ्या प्रणालीच्या) विक्रमाला २१०० मशीन आणि ७२ मिनिटं लागली होती. एवढा फरक पाडणाऱ्यांनी कोड, डिस्क आणि नेटवर्क, तिन्हींकडे एकत्रच पाहिलं होतं.

नवा_भिडू

मध्येच विचारतो, माफ करा. ॲप्लाय-इन-पांडाज (डेटाच्या प्रत्येक गटावर पायथनच्या पांडाजमधला कोड चालवण्याची सोय) वापरून ग्राहकनिहाय मॉडेल बसवतोय. कंटेनरने (एक्झिक्युटरला दिलेल्या कप्प्याने) मेमरीची मर्यादा ओलांडली म्हणून यार्न मारून टाकतो. एक्झिक्युटर मेमरी ८ वरून १६ जीबी करून घेतली, तरी तेच. काय चुकतंय?

यार्नचा_रखवालदार

तुम्ही वाढवली ती जेव्हीएमची हीप. तुमचा पांडाजचा कोड चालतो पायथनच्या वेगळ्या प्रोसेसमध्ये, हीपच्या बाहेर. त्याची मेमरी ओव्हरहेडमधून जाते आणि ओव्हरहेड असतो दहा टक्के. म्हणजे हीप ८ जीबीने वाढली, पण तुमच्या पायथनला जास्तीचे मिळाले ८०० एमबी. हीप परत ८ करा आणि मेमरी ओव्हरहेड ४ जीबीपर्यंत न्या, किंवा पायस्पार्क मेमरीची वेगळी सेटिंग आहे ती द्या. एक्झिक्युटरचे कोअरही कमी करा, कारण प्रत्येक टास्कचा वेगळा पायथन वर्कर असतो. आणि ॲप्लाय-इन-पांडाज एक अख्खा गट एकदम मेमरीत घेतं, तेव्हा भीमाकाठ यांच्या दहा नऊंसारखा एखादा ग्राहक तुमच्याकडे नाही ना, ते आधी बघा.

विदागार

रखवालदार, हे उत्तर तुम्ही त्यांचा कोड पांडाजचा आहे हे कळल्यावर दिलंत. तिकिटात नुसतं "मेमरी वाढवा" एवढंच असतं तर मोठा प्रोफाइल दिला असता आणि जॉब तिथेही मेला असता.

यार्नचा_रखवालदार

मेला असता, हे खरं. तरी सगळी चावी देणार नाही. शफल पार्टिशन्स, ब्रॉडकास्टची मर्यादा आणि मेमरी ओव्हरहेड या तीन गोष्टी जॉब लिहिणाऱ्याने ठरवाव्यात, मी खुल्या करायला तयार आहे. एक्झिक्युटरची कमाल संख्या, रांग आणि डायनॅमिक ॲलोकेशन माझ्याकडेच राहील, कारण त्याचे परिणाम शेजारच्या टीमला भोगावे लागतात.

विदागार

एक्झिक्युटरचे कोअरही खुले करा. नव्या भिडूला आत्ता तुम्हीच ते कमी करायला सांगितलंत.

यार्नचा_रखवालदार

कमी करायला खुले. पाचाच्या वर नाही.

क्वेरीवाली

आणि मला यातलं काहीच बदलायचं नसेल तर जॉब चालला पाहिजे, ही माझी अट. मूळच्या आकड्यांवर चालणारी क्वेरी अडकली, तर स्टेजच्या तक्त्यातला मध्यक आणि कमाल बघून मीच तिकिटात लिहीन. त्यापुढचं तुमच्यापैकी कोणीतरी घ्या.