समोरच्याचा डेक पिसताना : तुमचे अनुभव सांगा

पत्ते पिसायला आपण सगळेच कुणाचं तरी बघून शिकतो. समोरच्याचे पत्ते कसे पिसायचे, हे मात्र कुणी शिकवत नाही.

मी 'मॅजिक: द गॅदरिंग' (पत्त्यांचा खेळ, यात प्रत्येक जण स्वतःचा डेक, म्हणजे पत्त्यांचा गठ्ठा, घेऊन येतो) खेळायला लागलो तेव्हा पहिल्याच मोठ्या स्पर्धेत माझी फजिती झाली. ६० पत्त्यांचा डेक नीट पिसून समोर ठेवला. वाटलं, समोरचा एकदा काटेल आणि खेळ सुरू होईल. त्याने डेक उचलला आणि निवांत पिसायलाच घेतला. माझे कान तापले. "मी पत्ते लावून आणलेत असं वाटतंय का तुम्हाला?" असं विचारून बसलो. तो म्हणाला, "माझाही डेक तुमच्यासमोर ठेवलाय, पिसा ना." तो केव्हाचा तिथे पडून होता आणि मी त्याला हातही लावला नव्हता. म्हणजे चूक माझीच होती. मोठ्या स्पर्धांच्या नियमात समोरच्याचा डेक पिसणं बंधनकारक आहे. साध्या खेळात नुसतं काटलं तरी चालतं. त्याने पिसून परत दिल्यावर शेवटचं एकदा काटायची मुभा मला होती, तीही मला माहीत नव्हती.

तर लिहा. खेळ कुठलाही चालेल. दुसऱ्याच्या लबाड्या सगळेच सांगतात. स्वतःच्या सांगितल्यात तर जास्त मजा येईल.

*

माझं गाऱ्हाणं लबाडीचं नाही, हाताळणीचं आहे. गठ्ठ्याचे दोन भाग करून, कोपरे वाकवून फर्रर्र करत एकमेकांत सोडायचे आणि वर कमान करून खाली पाडायचे, ही पद्धत दिसायला झकास. साध्या पत्त्यांना ती शोभतेही. पण माझ्या जुन्या, जपून ठेवलेल्या पत्त्यांवर एकाने हा प्रयोग केला तेव्हा माझ्या घशातून आवाज फुटेना. दोन स्लीव्ह (पत्त्यांवर चढवायची प्लास्टिकची पाकिटं) शिवणीवर फाटले. तो बिचारा ओशाळला, सवयीने झालं म्हणाला.

तेव्हापासून डेक पुढे सरकवतानाच सांगते, "वाकवू नका हं, बाजूने एकात एक घुसवा." आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही. आणि हो, बोटातल्या अंगठ्या काढा. हात ओले असतील तर पुसा.

*

स्वतःची लबाडी सांगा म्हणालात, म्हणून सांगतो. बरीच वर्षं मी तिला हुशारी समजत होतो.

समोरचा खेळाडू दोन फेऱ्यांच्या मधे लँडचे पत्ते (बाकीचे पत्ते खेळायची ताकद यांतून मिळते) एका बाजूला आणि बाकीचे दुसऱ्या बाजूला काढून बसला होता. मग दोन इकडचे, एक तिकडचा, असा डेक विणत गेला. २० लँड, ४० इतर, म्हणजे अगदी फिट्ट. विणून झाल्यावर दोनदा काटला आणि माझ्यासमोर ठेवला. पिसला नाहीच. काटल्याने क्रम मोडत नाही, फक्त सुरुवात बदलते. म्हणजे त्याला दर तिसरा पत्ता लँड मिळणार होता, कधी तुटवडा नाही आणि कधी गर्दीही नाही.

मी काय करावं? जजला (स्पर्धेतल्या पंचाला) बोलवावं, किंवा मनापासून पिसावं. मी दोन्हींपैकी एकही केलं नाही. पत्ते एकेक करत तीन ढिगांत वाटले. ज्यांना गंमत कळली नसेल त्यांच्यासाठी : दर तिसरा पत्ता लँड असेल तर तीन ढीग केल्यावर सगळी लँड एकाच ढिगात जाऊन बसतात. ढीग एकावर एक ठेवले आणि साळसूदपणे डेक परत दिला. त्याने सात पत्ते उचलले, त्यात एकही लँड नाही. परत पिसून, एक पत्ता कमी घेऊन त्याला सुरुवात करावी लागली आणि तो डाव तो हरला. माझ्याकडे बघत होता, पण बोलणार काय?

हा किस्सा मी रंगवून रंगवून सांगायचो. एकदा जज म्हणून काम करणाऱ्या मित्राला सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे त्याने पत्ते लावले आणि तूही लावलेस. फरक एवढाच की तू त्याच्या डेकमध्ये लावलेस." मी वाद घातला, पण घरी येईपर्यंत वादातली हवा गेली होती. कुठला पत्ता कुठे जाणार हे मला ठाऊक असेल तर ते पिसणं कसलं?

*

वरच्या ढिगांवरून आठवलं. ढिगांत वाटणं म्हणजे पिसणं नव्हेच. त्यात नशिबाला जागाच नाही, पत्त्यांची ती नुसती कवायत. मॅजिकच्या स्पर्धा-नियमांतही पत्ते मोजायला म्हणून डावाच्या सुरुवातीला एकदा ढीग करायला परवानगी आहे, तेवढीच.

मी गणित शिकवते, त्यामुळे आमच्या गटात पिसण्यावरची भांडणं माझ्याकडे येतात. १९९२ मध्ये डेव्ह बायर आणि पर्सी डायकोनिस या गणितज्ञांनी दाखवलं की ५२ पत्ते फर्रर्र पद्धतीने साधारण सात वेळा पिसले की पुरेसे मिसळतात. (डायकोनिस गणिताकडे वळण्याआधी जादूगार होते. पत्त्यांवर विश्वास का ठेवू नये, हे त्यांना आतून माहीत असणार.) ६० पत्त्यांना मी आठ वेळा पिसते. आणि आपण लहानपणापासून करतो ते, एका हातातून दुसऱ्या हातात गठ्ठे टाकत पिसणं? त्याने तितकंच मिसळायला हजारो वेळा पिसावं लागेल.

उलटी गंमतही आहे. एखाद्याचा हात इतका सफाईदार असेल की ५२ पत्ते बरोबर अर्धे होऊन एकाआड एक बसतील आणि सर्वात वरचा पत्ता वरच राहील, तर आठव्या वेळी सगळा कॅट मूळ क्रमाने परत येतो! म्हणून कुणी फारच सुबक पिसत असेल तर मी हसते आणि शांतपणे माझं पिसून घेते. गबाळा हात बरा.

*

माझी चूक डोळ्यांची. समोरच्याचा डेक पिसताना मी तो उभा धरायचो, तोंडं माझ्याकडे. मुद्दाम नाही, हाताला तसंच वळण होतं. तळाचा पत्ता दिसायचा, घुसवताना अधलेमधलेही दिसायचे. मी मनात म्हणायचो, दिसले तर दिसले, लक्षात कुठे राहतात? पण राहतात. एकदा शेजारच्या टेबलावर खेळणाऱ्या एका ताईंनी हळूच माझं मनगट धरून डेक आडवा केला. म्हणाल्या, "पिसताना पत्त्यांकडे नाही, माणसाकडे बघायचं."

तेव्हापासून पत्ते आडवे, तोंडं खाली, नजर समोरच्यावर. सुरुवातीला फार अवघडल्यासारखं झालं. इतका वेळ अनोळखी माणसाच्या तोंडाकडे बघत बसायची सवय कुणाला असते?

*

मी थोडं वेगळं मांडतो. घरी चार मित्र जमलेत, हरण्या-जिंकण्याला काही लावलेलं नाही, तिथे न पिसता, न काटता डेकवर नुसती बोटाने टकटक करून "चल, वाट" म्हणण्यात काय बिघडलं? दर वेळी डेकमधून पत्ता शोधायचा, मग पिसायचं, मग समोरच्याने पिसायचं. अर्धी संध्याकाळ पिसण्यातच जाते.

*

ते टकटकवाले दादा, मान्य. पण एक अडचण आहे. चौघांत तिघांचं टकटक केलं आणि चौथ्याचा डेक पिसायला घेतला, की ते पिसणं आरोप होतं. आमच्याकडे असंच झालं आणि ती मैत्री अजून पूर्ववत नाही. मी आता सरसकट सगळ्यांचे पत्ते काटतो, बायकोचेही. तिने पहिल्यांदा भुवया उंचावल्या होत्या. आता ती माझे जास्त कडक पिसते.

*

मी ब्रिजवाला. आमच्या खेळात डेक सगळ्यांचा, त्यामुळे 'समोरच्याचा' हा शब्द जरा वेगळ्या अर्थाने लागू होतो : एक जण पिसतो, आणि वाटणाऱ्याच्या उजव्या हाताला बसलेला, म्हणजे विरुद्ध जोडीतला, काटतो. वाटणाऱ्याला काटू द्यायचं नाही, हा जुना शहाणपणा.

सांगायचं ते वेगळंच. संगणकाने वाटलेले हात स्पर्धांत आले तेव्हा जुन्या खेळाडूंनी बोंब ठोकली की हे हात विचित्र आहेत, रंगच्या रंग गायब असतात. खरं तर तेरा पत्त्यांच्या हातात एखादा रंग अजिबात नसण्याची शक्यता सुमारे ५ टक्के असतेच. आमचे हात सपाट (चारही रंग जवळपास सारखे) यायचे ते आम्ही आळसाने पिसायचो म्हणून. आधीच्या डावात एकाच रंगाचे चार-चार पत्ते एकत्र पडलेले असायचे, तसेच गोळा करायचे, दोन-तीनदा फिरवायचे आणि वाटायचे. चौघांना एकेक. बोंब ठोकणाऱ्यांत मी आघाडीवर होतो.

*

फॉइलचे चकचकीत पत्ते वाकतात, हे खेळणाऱ्यांना ठाऊक आहे. माझ्या डेकमध्ये असे चारच होते, बाकी सगळे साधे. समोरच्या मुलीने डेक काटला आणि तो नेमका त्यातल्या एका वाकलेल्या पत्त्यापाशीच उघडला. परत काटला, परत तिथेच. तिने डेक माझ्याकडे आडवा धरून फट दाखवली. "तुमच्या लक्षात आलंय का हे?" एवढंच विचारलं. आलं नव्हतं, शपथेवर. पण मी तिच्या जागी असते तर मला स्वतःवर विश्वास बसला नसता. ते चारही पत्ते त्याच रात्री काढून साधे घातले.

*

माझ्या बोटांना संधिवात आहे. स्लीव्ह घातलेले ६० पत्ते माझ्या हातात मावत नाहीत. स्वतःचा डेक मी तीन भाग करून, भाग अदलाबदल करत पिसते. फेरी ५० मिनिटांची, त्यामुळे समोरच्याचे सुस्कारे ऐकायची सवय झाली आहे. पण दुसऱ्याचा डेक पिसायची मला भीतीच वाटते. एकदा सगळा जमिनीवर सांडला, निम्मे पत्ते सुलटे. त्या दिवशी मी माफी मागून मागून दमले. आता जजला विनंती करते की तुम्ही पिसा. त्यांना पटलं तर ते पिसतात.

गेल्या खेपेला जज दोन टेबलं सोडून अडकले होते. समोर चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. माझी बोटं बघून म्हणाला, "काकू, मीच परत पिसतो, पण रचायचं कसं ते तुम्ही सांगा." माझ्यासमोर, हात टेबलावर ठेवूनच पिसला, मग डेकचे सहा छोटे गठ्ठे मांडले. मी बोट दाखवत गेले : हा याच्यावर, तो त्याच्याखाली. तो गंभीर चेहऱ्याने एकेक उचलून रचत होता. मधेच मी मत बदललं तर तेही ऐकलं.

दोन्ही डाव त्यानेच जिंकले. दुसऱ्या डावाला सहाऐवजी आठ गठ्ठे मांडले होते.