काझीरंगा + झिरो अभ्याससहल : महिना, परवाने आणि गावातली वागणूक

नकाशेवाला
पुण्यातल्या महाविद्यालयाचे भूगोल आणि प्राणिशास्त्राचे २८ विद्यार्थी, सोबत ४ शिक्षक. गुवाहाटीपर्यंत येण्या-जाण्याचा रेल्वेप्रवास सोडून ८ रात्री हातात आहेत. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काझीरंगा, मग अरुणाचलात अपातानी जमातीचं झिरो खोरं, जमलं तर आसामातलं माजुली बेट आणि अरुणाचलातलंच तवांग. महिना बरोबर आहे का? रेल्वेची सवलत कशी मिळवायची? आणि एवढी मुलं गावात न्यायची कशी?

रानवाटा
आधी तवांग खोडा, मग माजुली. आठ रात्रींत ही चारही ठिकाणं केलीत तर मुलं फक्त खिडकीची काच बघतील.

महिनाही बदला. डिसेंबरात काझीरंग्याचं गवत जीपमध्ये उभ्या माणसाच्या डोक्यावर जातं, गेंडा वीस फुटांवर असला तरी दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारीत वनखातं टप्प्याटप्प्यानं जुनं गवत जाळतं. त्यावर कोवळी फूट आली की गेंडे, रानम्हशी, बारशिंगे उघड्यावर चरायला येतात. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा धरा. एप्रिलअखेरीच्या सुमाराला उद्यान पर्यटकांसाठी बंद होतं, त्यामुळे फार पुढेही ढकलू नका.

३२ माणसांना सहा जीप लागतील. एका पूर्ण दिवसात उद्यानाच्या दोन विभागांत दोन सफारी होतात : सकाळी बागोरी (गेंडे, म्हशी), दुपारी अगोराटोली (पाणपक्षी). सगळ्यांनी दोनदा कोहोरा हा मधला विभागच करू नये. प्रत्येक जीपला एकच तक्ता द्या : वेळ, प्राणी, संख्या आणि तो कुठे होता (बील म्हणजे पाणथळ, आखूड गवत, उंच गवत की झाडी). सहा तक्ते एकत्र केले की कोण कुठे चरतो हे मुलांचं मुलांनाच दिसतं. तीन जणांत एक ८×४२ दुर्बीण पुरे.

घड्याळाचं भान ठेवा. फेब्रुवारीअखेर तिथे सूर्य पावणेसहाच्या सुमाराला उगवतो आणि सव्वापाचला मावळतो. पुण्याच्या सवयीनं नऊला नाश्ता ठेवलात तर निम्मा दिवस गेला.

तिकीटखिडकी
रेल्वेचं सांगतो. शैक्षणिक सहलीची सवलत सेकंड आणि स्लीपरला मिळते, एसीला नाही. सर्वसाधारण विद्यार्थ्यांना ५० टक्के, अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना ७५ टक्के. सवलतीचा छापील फॉर्म रेल्वेकडून घ्यायचा, प्राचार्यांची सही-शिक्का घेऊन आरक्षण खिडकीवर द्यायचा. ऑनलाइन तिकिटाला ही सवलत नाही, तत्काळलाही नाही.

एका फॉर्मवर सहाच नावं बसतात. मोठ्या गटासाठी लेटरहेडवर नाव-वय-लिंगाची यादी देऊन आधी परवानगी काढावी लागते. आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि मुंबई-गुवाहाटी गाड्या लगेच भरतात, तेव्हा ६१व्या दिवशी कागद तयार हवेत. इथेच बहुतेकांचं घोडं अडतं : यादी पक्की होईस्तोवर वेटिंग लागलेलं असतं. प्रवास दोन दिवसांच्या आसपास, धुक्यात आणखी उशीर. गुवाहाटीत पहिली रात्र मोकळीच सोडा.

नकाशेवाला
फेब्रुवारीअखेर जमेल. पण मग झिरोला भाताच्या वाफ्यांत पाळलेले मासे दिसणार नाहीत ना? आणि एका विद्यार्थिनीकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्यांना मिळतं ते) आहे.

उत्तरतीर
ओसीआयचं आधी बघा, सगळ्यात जास्त वेळ त्यालाच लागेल. अरुणाचलात शिरायला भारतीयांना इनर लाइन परमिट लागतं, ते ऑनलाइन निघतं. ओसीआय कार्डवाल्यांना परदेशी नागरिकांसारखं प्रोटेक्टेड एरिया परमिट लागतं. तिचं परमिट हाती आल्याशिवाय बाकीच्यांची तिकिटं काढू नका.

परमिटमध्ये चुका नेहमी त्याच होतात : आधारवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि अर्जात नाही, किंवा सुरुवातीची तारीख अगदी नेमकी टाकलेली. तारखेला मागे-पुढे दोन दिवस सैल ठेवा. प्रत्येकाच्या दोन छापील प्रती हव्यात, अरुणाचलच्या सीमेवरच्या बंदरदेवाच्या नाक्यावर मोबाइलचं नेटवर्क गृहीत धरू नका.

कोहोरा (काझीरंग्यातला मुक्काम) ते झिरो एका दिवसात करू नका. ब्रह्मपुत्रेवरच्या कलियाभोमोरा पुलावरून तेजपूरमार्गे इटानगरजवळच्या नाहरलगुनला मुक्काम करा, सकाळी घाट चढा. मोठी बस नको, १७ आसनी दोन गाड्या घ्या. वळणं इतकी आहेत की उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यायलाच हवी, उलटी झाल्यावर तिचा उपयोग नाही. हिशोब : गुवाहाटी १, कोहोरा २, नाहरलगुन १, झिरो ३ आणि परतताना नाहरलगुनहून रात्रीची दोन्यी-पोलो एक्सप्रेस. झाल्या आठ.

बांधावरची
मासे नाहीत हे खरं. लावणी एप्रिल-मेमध्ये, मासे त्यानंतर. पण भूगोलाला फेब्रुवारीच बरा. वाफे मोकळे असतात, बांधदुरुस्ती चालू असते, म्हणून पाणी कसं फिरतं ते उघडं दिसतं. बांधातल्या बांबूच्या किंवा लाकडाच्या नळ्या बघा. नळीच्या उंचीवर वाफ्यातलं पाणी ठरतं. वाफ्यातला खोल चर म्हणजे पाणी उतरल्यावर माशांचा आसरा. मुलांना टेप द्या : बांधाची रुंदी, नळीची उंची, चराची खोली. आणि पावसाळ्यात त्या बांधांवर काय पेरतात ते विचारायला सांगा. नाचणी! कोकणातली पोरं चमकतील.

गावाबद्दल. २८ जणांनी एकदम होंग किंवा हिजा या गावांच्या गल्लीत शिरू नये. सात-सातचे चार गट करा, प्रत्येकाला गावातलाच वाटाड्या, त्याचं मानधन आधी ठरलेलं. गावबुढ्यांना (गावच्या प्रमुखांना) आदल्या दिवशी कळवा. लाल कोट घातलेले गृहस्थ दिसतील, तेच.

म्हाताऱ्या बायकांच्या चेहऱ्यावर गोंदण आणि नाकपुड्यांत गोल चकत्या दिसतील. ही प्रथा १९७०च्या दशकात थांबली, म्हणजे त्या शेवटच्या पिढीतल्या. कॅमेरे तिथेच वळतात. नियम सोपा ठेवा : आधी बसून बोलायचं, मग विचारायचं, 'नको' म्हणाल्या तर विषय संपला. दुरून झूम करणं म्हणजेही विचारल्याशिवायच काढणं. बायका कुरूप दिसाव्यात आणि शत्रूनं पळवू नये म्हणून हे करत, ही गोष्ट प्रत्येक गाइड सांगतो. ती अहवालात 'असं सांगतात' एवढंच म्हणून लिहा.

मार्चमधल्या म्योको सणाची तयारी चालू असेल तर घरासमोरच्या उंच बाबो खांबांना हात लावू नका, लापांगच्या (गावातल्या सामाईक लाकडी ओट्याच्या) फळ्यांवर विचारल्याशिवाय चढू नका. म्योकोत डुकरांचा बळी असतो, हे मुलांना पुण्यातच सांगून ठेवा.

शाकाहारींना भात, डाळ, पालेभाजी मिळते. बांबूच्या कोंबाची भाजी मात्र विचारून घ्या, बरेचदा मांसातच शिजते. घरात 'ओ' पुढे येईल, ती तांदळाची बिअर आहे. विद्यार्थ्यांनी नको म्हणायचं, पण यजमानांशी ते शिक्षकांनी दारातच बोलून ठेवावं, म्हणजे भरलेला पेला परत करायची वेळ येत नाही. रात्री पारा पाच अंशांच्या आसपास जातो. स्वेटर सामानात खाली दाबू नका.