नोकरी शोधतानाचे दिवस: तुमचे अनुभव

रानजाई
काल माळा आवरताना शंभरपानी वही सापडली. वर माझ्याच अक्षरात, 'नोकरी, जून २००९'. कॉलेजातून निवड झाली होती, पण मंदी आली आणि कंपनी जॉइनिंगची तारीख पुढे ढकलत राहिली. शेवटी बाबा म्हणाले, "त्या पत्राच्या भरवशावर बसू नकोस, बाहेर पड." मग रकाने आखले: कंपनी, कधी गेले, कोण भेटलं, परत कधी जायचं. सोमवारी भोसरी, मंगळवारी चाकण, बुधवारी नुसते फोन. एकेचाळिसाव्या ओळीत लिहिलंय, 'वॉचमनकाका म्हणाले, साहेब साडेनऊला येतात, त्याआधी गेटवर थांब.' तिथेच लागले. त्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. काल ती ओळ वाचून भरून आलं.
तुम्ही कशी शोधलीत? लिहा ना.

फिटरभाऊ
भोसरी म्हटलं की २००४ चा पाऊस! आयटीआय नुकतं झालेलं. बायोडेटाच्या पंचवीस झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी शर्टाच्या आत. बाकी रात्री लिहितो, पाळीवर निघालोय.

मनवा
सात वर्षं घरी होते, सासूबाईंचं आजारपण आणि दोन मुलं. अकाउंट्सवाली मी, आणि मधल्या काळात २०१७ ला जीएसटी आलेला! कंपन्यांची नाही, माणसांची यादी केली. जुन्या ऑफिसातल्या रोज दोघींना फोन. नोकरी मागायची नाही, "सध्या तुमच्याकडे काम कसं चालतं गं?" एवढंच विचारायचं. तिसऱ्या आठवड्यात एकीनेच सांगितलं, आमच्या सीएंना रिटर्न भरायला माणूस हवाय. तीन महिने तिथे शिकले, मग पक्की नोकरी. मुलाखतीत खंडाबद्दल विचारलं तेव्हा खरं तेच सांगितलं. उगाच लपवू नका, बायांनो.

अबोली_नाशिक
मनवाताई, डोळ्यात पाणी आलं. माझी नऊ वर्षं झाली. टायपिंग मराठी ३०, इंग्रजी ४० आहे, पण बोटं बसलीत आता. वय ४४. घेतील का कोणी?

मनवा
घेतील गं. मी ४३ ची होते. रोज अर्धा तास बोटं चालव आधी.

दूरदेशी
मी जर्मनीत चान्सनकार्टेवर, म्हणजे नोकरी शोधण्यासाठीच्या व्हिसावर, आलेय. वर्षभरात नोकरी शोधायची, तोवर आठवड्याला २० तास काम करता येतं, म्हणून पहाटे बेकरीत जाते. आतापर्यंत ८६ अर्ज, ५ मुलाखती. सगळ्यांना एकच सीव्ही पाठवत होते ती चूक झाली. आता जाहिरातीतली कामं एकेक वाचून त्यातलं मी कुठे, काय केलंय ते आधी लिहिते. त्यानंतरच बोलावणी यायला लागली. आई रोज विचारते, "झालं का गं?" ते सगळ्यात जड जातं.

रानजाई
अगं, आईला आठवड्याचा एक वार ठरवून दे. मी घरी रविवारीच सांगायचे. बाकीचे सहा दिवस कोणी विचारायचं नाही.

दूरदेशी
हे आजच सांगते. बेकरीतून पीठ माखूनच घरी येते, आईला व्हिडिओवर तेवढंच दिसतं.

फिटरभाऊ
आलो. रानजाई, आमच्या कामाला गेटपेक्षा टपरी बरी. सुपरवायझर चहाला बाहेर येतो, तिथे मोकळा बोलतो. मला त्याने बायोडेटा न बघता हात दाखव म्हटलं. लोखंडावर फाईल (कानस) मारून मारून आलेले घट्टे बघितले आणि म्हणाला, "सोमवारी ये."

अबोली_नाशिक
मनवाताई, जुना कीबोर्ड काढलाय. 'ळ' अडकतोय, बाकी चालू आहे.